नकाराचं वजन : पोर्टलंडचे व्यापारी आणि मेझर ९७

नोव्हेंबर २०१६ मध्ये पोर्टलंड बिझनेस अलायन्स ही व्यापाऱ्यांची संघटना अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या मतदारांना सांगत होती, की बड्या कंपन्यांवरच्या नव्या कराला, म्हणजे मतपत्रिकेवरच्या मेझर (प्रस्ताव) ९७ ला, 'नाही' म्हणा. मे २०२० मध्ये तीच संघटना पोर्टलंड परिसरातल्या मतदारांना सांगत होती, की बेघरांसाठीच्या नव्या कराला 'हो' म्हणा. त्या दुसऱ्या कराचा एक हिस्सा तर व्यवसायांच्याच नफ्यातून जाणार होता. व्यापारी म्हटला की कराला विरोध, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की या दोन गोष्टी एका संघटनेच्या आहेत हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला. मी पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन-हिल्सबरोच्या पट्ट्यात राहते. इंटेलमुळे इथे मराठी घरं बरीच. पण आमच्या जेवणाच्या गप्पांत मेझर ९७ चा विषय निघाला की निम्म्या मंडळींना वाटायचं, अमेझॉनने कर भरला तर आपलं काय जातंय?

आपलं काय जातंय, याच प्रश्नावर हे सगळं प्रकरण फिरलं.

ऑरेगनमध्ये १९०२ पासून नागरिक स्वतः कायद्याचा मसुदा मतपत्रिकेवर आणू शकतात. राज्यपालपदाच्या मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली, त्याच्या ६ टक्के सह्या साध्या कायद्यासाठी, ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी. २०१६ साली साध्या कायद्याला ८८,१८४ सह्या लागत होत्या. विधिमंडळाने केलेला कायदाही सह्या गोळा करून लोकांपुढे खेचून आणता येतो. आपल्याकडे असा थेट कौल म्हटलं की गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवतो, तो एकदाच झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातो. इथे दर दोन वर्षांनी चार-पाच, कधी त्याहून जास्त प्रस्ताव असतात. मतदान टपालाने. निवडणुकीच्या दोन-तीन आठवडे आधी मतपत्रिका घरी येते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गोळे काळे करायचे, पाकिटावर सही करायची, वाचनालयाबाहेरच्या पेटीत टाकायची. २०१६ मध्ये पोस्टाने पाठवायचं तर तिकीटही स्वतःचंच लावायला लागायचं.

मतपत्रिकेच्या थोडं आधी एक जाडसर पुस्तिका येते, वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली : व्होटर्स पॅम्फलेट. प्रस्तावाचा पूर्ण मसुदा, सरकारी खर्चाचा अंदाज आणि त्यानंतर बाजूची व विरोधी निवेदनं. १,२०० डॉलर भरा किंवा ५०० मतदारांच्या सह्या आणा, तुमचं म्हणणं त्यात छापून येतं. सरकार मजकुराची सत्यता तपासत नाही, तसं खाली स्पष्ट छापलेलं असतं. मला ही पुस्तिका फार आवडते. एका पानावर परिचारिका, दुसऱ्या पानावर शेतकरी, तिसऱ्यावर किराणा दुकानदार, आणि सगळे तुम्हालाच उद्देशून बोलतायत. मात्र १,२०० डॉलर ही रक्कम परिचारिकेला आणि व्यापारी संघटनेला सारखी जड नसते, हेही पानं उलटताना लक्षात येतं.

अलायन्स ही तशी जुन्या मुळांची संघटना. आजचं रूप २००२ चं, शहराचं चेंबर ऑफ कॉमर्स आणि डाउनटाउनच्या विकासासाठीची दुसरी एक संस्था एकत्र येऊन बनलेलं. २०२३ मध्ये नाव बदलून पोर्टलंड मेट्रो चेंबर झालं. सभासदांत कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यापासून बँका, रुग्णालयं, वीजकंपन्यांपर्यंत सगळे. ही यादी महत्त्वाची आहे, कारण अशा संघटनेत प्रत्येक कराला कुणी ना कुणी हरणारा असतो आणि बहुतेक वेळा कुणी जिंकणाराही. समिती प्रस्ताव वाचते, कार्यकारी मंडळ ठरवतं. पाठिंबा, विरोध आणि तटस्थ या तीन वाटा सगळ्यांना दिसतात. चौथी असते गप्प बसण्याची, आणि सभासदांत फूट असेल तेव्हा तीच सोयीची पडते.

आता थोडं मागे जायला हवं, कारण मेझर ९७ आभाळातून पडला नाही.

ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही. दुकानात ५ डॉलर लिहिलेलं असेल तर ५ डॉलरच द्यायचे. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातून लोक टीव्ही घ्यायला पूल ओलांडून इकडे येतात. विक्रीकर आणण्याचा प्रयत्न मतदारांनी नऊ वेळा हाणून पाडला, शेवटचा १९९३ मध्ये. त्याआधी १९९० मध्ये मेझर ५ ने मालमत्ता कराला लगाम घातला आणि शाळांचा खर्च हळूहळू राज्याच्या तिजोरीवर आला. ती तिजोरी भरते मुख्यतः आयकरातून. मंदी आली की आयकर आटतो आणि त्याच वर्षी शाळा शिक्षक कमी करतात. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं, कमी दिवसांचं शालेय वर्ष, या तक्रारी इथल्या पालकसभांत नव्या नाहीत.

कंपन्यांवरचा किमान कर तर विनोदच होता : १९३१ पासून १० डॉलर. तोटा दाखवला की एवढी मोठी कंपनी दहाची नोट देऊन मोकळी. २००९ मध्ये विधिमंडळाने तो विक्रीच्या प्रमाणात १५० डॉलरपासून १ लाख डॉलरपर्यंत वाढवला आणि श्रीमंतांचा आयकरही चढवला. व्यापारी संघटनांनी सह्या गोळा करून दोन्ही कायदे मतपत्रिकेवर खेचले. २६ जानेवारी २०१० ला मेझर ६६ आणि ६७ म्हणून मतदान झालं. अलायन्सचा दोन्हींना विरोध होता. लोकांनी दोन्ही कर मंजूर केले, साधारण ५४-४६ अशा फरकाने. व्यापाऱ्यांचा हा सपशेल पराभव होता, आणि सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या संघटनांना तिथून हुरूप आला.

त्यांनीच सहा वर्षांनी मेझर ९७ आणला. ज्या सी-कॉर्पोरेशनची (म्हणजे मालकांपासून वेगळा, स्वतःचा आयकर भरणाऱ्या कंपनीची) ऑरेगनमधली विक्री वर्षाला २.५ कोटी डॉलरच्या वर आहे, तिने त्या वरच्या विक्रीवर २.५ टक्के किमान कर भरायचा. नफ्यावर नव्हे, विक्रीवर. राज्याला वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलर मिळणार होते, म्हणजे सर्वसाधारण निधीत जवळपास एक तृतीयांश भर. पैसा शिक्षण, आरोग्य आणि ज्येष्ठांच्या सेवांसाठी, असं मसुद्यात लिहिलेलं. झळ बसणाऱ्या कंपन्या हजाराच्या आसपास आणि त्यातल्या बहुतेकींची मुख्यालयं राज्याबाहेर. प्रचाराच्या दृष्टीने याहून सुबक प्रस्ताव मिळणं कठीण. सुरुवातीच्या मतचाचण्यांत तो पुढे होता. राज्यपाल केट ब्राउन यांनीही ऑगस्टमध्ये पाठिंबा जाहीर केला.

अलायन्सने आणि बाकीच्या विरोधकांनी 'कंपन्यांवर अन्याय होतोय' असा सूर फारसा लावला नाही. २०१० मध्ये तो लावून पाहिला होता आणि लोकांना दया आली नव्हती. या वेळी त्यांनी पिठाची पिशवी हातात घेतली.

पिशवी मी शब्दशः म्हणत नाही, पण हिशेब तोच. समजा गिरणीने पिठाची पिशवी घाऊक व्यापाऱ्याला ३ डॉलरला विकली. गिरणी मोठी आहे, मर्यादेच्या वर आहे, तर तिच्यावर साडेसात सेंट कर. घाऊक व्यापाऱ्याने ती सुपरमार्केटला ४ डॉलरला दिली : १० सेंट. सुपरमार्केटने तुम्हाला ५ डॉलरला विकली : साडेबारा सेंट. एका पिशवीवर ३० सेंट, म्हणजे ६ टक्के, आणि पावतीवर यातलं काहीच दिसत नाही. मधल्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट नाही. करावर कर. शिवाय किराणा धंद्यात निव्वळ नफा शंभराला दोन-तीन डॉलरचा असतो, हा कर भरून त्यातलं उरणार काय, हा प्रश्न राहतोच. उलट सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला शंभरात वीस-पंचवीस सुटत असतील तर २.५ टक्के तिला जाणवणारही नाहीत. एकाच दराने दोघांना मापलं की पातळ नफ्याचा माणूस आधी बुडतो. विरोधाच्या निधीत सर्वात मोठी नावं कॉस्टको, सेफवे-अल्बर्टसन्स आणि फ्रेड मायरची मालक क्रोगर यांची का होती, ते एवढ्यावरून कळतं.

पुण्या-मुंबईकडचा कुणी हे वाचत असेल तर त्याला जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) आठवल्याशिवाय राहणार नाही. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी एलबीटीविरुद्ध दुकानं बंद ठेवली होती. माझ्या माहेरच्या गल्लीत तेव्हा साबणाची वडीसुद्धा अर्धं शटर उघडून, इकडे तिकडे बघून मिळायची. तक्रार थोडी वेगळी होती, तिथे जाच वह्यांचा आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांचा होता. पण मुद्दा हा की आपल्या व्यापाऱ्याकडे शटर ओढणं हाच मतपत्रिकेचा पर्याय होता. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. तेव्हा तोट्याची भरपाई कुठून करायची, हा प्रश्न सरकारच्या पदरात पडला, व्यापाऱ्यांच्या नाही. हा शेवटचा भाग ऑरेगनमध्येही जसाच्या तसा घडला, फक्त थोडा उशिरा.

विरोधकांच्या हातात दोन सरकारी कागदही आयते आले. पहिला विधिमंडळाच्या महसूल कार्यालयाचा अहवाल. हे कार्यालय कुणाच्या बाजूचं मानलं जात नाही. त्याने म्हटलं की हा कर बऱ्याच अंशी उपभोगावरच्या करासारखा वागेल आणि वर्षाला दरडोई सरासरी ६०० डॉलरचा बोजा पडेल. दुसरा विधिमंडळाच्या कायदेविषयक सल्लागारांचा अभिप्राय : मसुद्यात शिक्षण-आरोग्य लिहिलं असलं तरी पुढचं कोणतंही विधिमंडळ हा पैसा हवा तिकडे वळवू शकतं. झालं. 'छुपा विक्रीकर' आणि 'कोरा चेक', या दोन शब्दांवर उरलेला प्रचार चालला. नऊ वेळा विक्रीकर नाकारलेल्या राज्यात पहिला शब्द काय काम करतो ते सांगायला नको.

मसुदाही विरोधकांच्या मदतीला धावला. 'बेनिफिट कंपनी' म्हणून, म्हणजे नफ्यासोबत समाजहितही पाहू असं म्हणत, नोंदलेल्या कंपन्यांना अतिरिक्त करातून सूट ठेवली होती, म्हणजे नोंदणीचा कागद बदलला की पळवाट तयार. सी-कॉर्पोरेशन नसलेले तितकेच मोठे धंदे तर मुळात बाहेरच. नागरिकांच्या प्रस्तावाची हीच खरी दुबळी बाजू : एकदा सह्या सुरू झाल्या की स्वल्पविरामही हलवता येत नाही. विधिमंडळात असता तर समितीत कुणीतरी म्हटलं असतं, किराण्याला वगळा, मधल्या टप्प्याची वजावट द्या.

दोन्ही बाजूंनी पैसा पाण्यासारखा ओतला. विरोधकांचा खर्च अडीच कोटी डॉलरच्या पुढे गेला. समर्थकांनीही कोटीच्या वर जमवले होते. ऑरेगनमध्ये देणगीला कमाल मर्यादा नव्हती, पण देणगीदारांची नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे कोण किती देतंय हे रोज पाहता यायचं. ८ नोव्हेंबरला निकाल लागला : विरोधात ५९ टक्के, बाजूने ४१. त्याच मतपत्रिकेवर माध्यमिक शाळांतल्या व्यवसायशिक्षणासाठीचा मेझर ९८ होता. त्यात नवा कर नव्हता, आहे त्या महसुलातून तरतूद करायची होती. उद्योगजगतातून त्याला पाठिंबा होता आणि तो सुमारे ६६ टक्क्यांनी मंजूर झाला. शाळांना पैसे द्यायला लोक तयार होते. वाण्याच्या पावतीतून द्यायला नव्हते.

माझं मत सांगते. अलायन्सचा विरोध आकड्यांच्या दृष्टीने बरोबर होता. करावर कर ही वाईट रचना आहे, मग तो कोणीही भरो. पण त्या प्रचारात एक लबाडीही होती. 'हा कर नको' हे वाक्य महिनोन्‌महिने ऐकू आलं, त्यापुढचं 'मग कोणता?' हे वाक्य जवळजवळ नाहीच. चाळीस मुलांच्या वर्गाचा प्रश्न ९ नोव्हेंबरच्या सकाळी जिथल्या तिथे होता.

२०१७ मध्ये राज्यातल्या दोन मोठ्या उद्योगसंघटना एकत्र येऊन ऑरेगन बिझनेस अँड इंडस्ट्री ही नवी संघटना उभी राहिली. २०१८ मध्ये तिच्या प्रमुखपदी आल्या सँड्रा मॅकडोना, ज्या मेझर ९७ च्या वेळी अलायन्सच्या प्रमुख होत्या. चेहरा तोच, पण जागा बदलली आणि भूमिका बदलली. २०१९ मध्ये विधिमंडळात शाळांसाठी नवा कर येऊ लागला. या वेळी मतपत्रिका नव्हती, टेबल होतं, आणि टेबलावर उद्योगांची माणसं बसलेली होती.

त्यातून निघालेला कर तपशिलात पाहण्यासारखा आहे. त्याचं नाव कॉर्पोरेट ॲक्टिव्हिटी टॅक्स, सगळे त्याला कॅट म्हणतात. १० लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवर ०.५७ टक्के, अधिक २५० डॉलर. उलाढालीतून आधी मालाचा खर्च किंवा मजुरी, यात जे जास्त असेल त्याच्या ३५ टक्के वजा करायचे. किराणा माल आणि इंधनाची विक्री वगळलेली. पैसा फक्त शिक्षणासाठी. मेझर ९७ वरचा प्रत्येक आक्षेप घेऊन त्यावर ठिगळ लावलेलं दिसतं : किराणा सुटला, कराचा दर पाव झाला, करावर कराची धार ३५ टक्क्यांच्या वजावटीने थोडी बोथट झाली, कोऱ्या चेकवर नाव लिहिलं गेलं. वसुली वर्षाला साधारण १ अब्ज, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. पण मर्यादा अडीच कोटींवरून दहा लाखांवर आली! २०१६ मध्ये जे मध्यम दुकानदार 'आम्हाला झळ बसेल' म्हणत बड्यांच्या मागे उभे राहिले होते, ते आता स्वतः कर भरणाऱ्यांच्या यादीत आले. बड्यांची सुटका छोट्यांच्या खिशातून झाली असं म्हणणं थोडं कडवट आहे, पण चूक नाही.

नायकेने या कराला पाठिंबा दिला. ऑरेगन बिझनेस अँड इंडस्ट्री तटस्थ राहिली. त्याच अधिवेशनात सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा खर्च आवरणारा कायदाही झाला, जी उद्योगांची जुनी मागणी होती. तटस्थपणाची किंमत अशी वसूल होते. मे महिन्यात शिक्षक रस्त्यावर उतरले, रिपब्लिकन सिनेटर गणसंख्या मोडायला सभागृह सोडून गेले, मग परतले, आणि कायदा मंजूर झाला. ऑरेगनच्या घटनेप्रमाणे करविषयक कायद्याला तातडीचं (कायदा लगेच लागू करणारं) कलम लावता येत नाही, म्हणजे सह्या गोळा करून तो लोकांपुढे नेण्याची वाट कायम खुली असते. काही उद्योगांनी तसं बोलूनही दाखवलं. तशी वेळ आलीच तर मतदान जानेवारी २०२० मध्ये होईल, अशी तरतूद विधिमंडळाने करून ठेवली. ती वेळ आली नाही. १ जानेवारी २०२० पासून कॅट सुरू झाला.

सुरुवातीचं कोडं आता सुटतं. मे २०२० चा बेघरांसाठीचा कर राज्याचा नव्हता, पोर्टलंड परिसराच्या मेट्रो या प्रादेशिक शासनाचा होता. १ टक्का मोठ्या उत्पन्नावर (जोडप्याचं २ लाख डॉलरच्या वरचं), आणि १ टक्का व्यवसायाच्या नफ्यावर, तोही उलाढाल ५० लाख डॉलरच्या वर असेल तरच. नफ्यावर, विक्रीवर नव्हे. डाउनटाउनमधल्या दुकानांच्या पायऱ्यांवर तंबू लागलेले, ही सभासदांची रोजची तक्रार. अलायन्स 'हो' म्हणाली आणि तो मंजूरही झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाहतुकीसाठी पगारावरचा कर आला, पगार देणाऱ्या मालकाने भरायचा. अलायन्स विरोधात गेली आणि तो पडला. संघटनेला कराचं वावडं नाही. कर कशावर बसतो आणि तो ठरवताना आपल्याला विचारलं का, यावर तिचं 'हो' किंवा 'नाही' ठरतं.

मतपत्रिकेची नुसती धमकीही कामाला येते, हे पुढे अमली पदार्थांच्या बाबतीत दिसलं. थोडक्या साठ्याला गुन्हा न मानणारा मेझर ११० लोकांनी २०२० मध्ये ५८ टक्क्यांनी मंजूर केला होता. कोलंबिया स्पोर्ट्सवेअरचे टिम बॉयल आणि नायकेचे सहसंस्थापक फिल नाइट यांच्यासारख्यांच्या पैशावर एक गट उभा राहिला आणि त्याने विधिमंडळाला सांगितलं : तुम्ही बदलता, की आम्ही २०२४ च्या मतपत्रिकेवर आणू? विधिमंडळाने बदललं. १ सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा गुन्हा झाला, एकही मत न पडता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेझर ९७ चं भूत परत आलं. मेझर ११८ : अडीच कोटींच्या वरच्या विक्रीवर ३ टक्के. या वेळी पैसा सरकारला द्यायचाच नाही, प्रत्येक रहिवाशाला सारखा वाटायचा. तान्ह्या बाळालासुद्धा. सह्यांसाठीचा पैसा मुख्यतः कॅलिफोर्नियातून आलेला. महसूल कार्यालयाचा अंदाज २०२६ साली माणशी १,६०५ डॉलरचा. चौघांच्या घराला ६,४२०.

चेंबरने, म्हणजे नाव बदललेल्या अलायन्सने, विरोध केला, पण या वेळी त्याला एकट्याने किल्ला लढवावा लागला नाही. राज्यपाल टीना कोटेक विरोधात, दोन्ही पक्षांचे विधिमंडळातले नेते विरोधात, कारण राज्याच्या सर्वसाधारण निधीलाच भोक पडण्याची भीती होती. आमच्या गप्पांतही यावेळी 'अमेझॉनने भरला तर आपलं काय जातंय' कुणी म्हणालं नाही. एकाने फोनवर गुणाकार केला, ६,४२० चा आकडा सगळ्यांना दाखवला, आणि मग विचारलं, "पण कॉस्टकोची तांदळाची पोती कितीला पडतील?" राज्यभरात ७७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो चेक परत केला.